आईच्या लुगड्यांची पाचकोनी वाकळ सपाट का बसत नाही?

शिवणघर_कऱ्हाड

नमस्कार मंडळी. माझा प्रश्न शिवणकामाचा आहे की भूमितीचा, हे मलाच ठरवता येईना, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमची आई गेल्या आषाढात गेली. तिच्या ट्रंकेत रोजच्या नेसण्यातली पाच सुती लुगडी निघाली. एक हिरवं इरकली, एक जांभळं इरकली, एक काळी चंद्रकळा, एक मोरपंखी चौकड्याचं आणि एक पिवळसर, ज्याचा मूळ रंग कुठला होता ते आम्हा बहिणींनाही आठवत नाही. धुऊन धुऊन कापड असं मऊ झालंय की हातात घेतलं तरी सोडवत नाही. आम्ही भावंडंही पाच. चार बहिणी, एक भाऊ. म्हणून डोक्यात आलं, ठिगळंसुद्धा पाचकोनीच करावीत. पाच लुगडी, पाच भावंडं, पाच कोपरे.

पंचवीस वर्षं मी ब्लाउज-परकर शिवतेय. वाकळी तर लहानपणापासून. चौकोनी ठिगळांच्या किती केल्या त्याचा हिशेब नाही. नणंदेच्या मुलीला षटकोनी ठिगळांची करून दिली होती, ती मधाच्या पोळ्यासारखी जागच्या जागी बसली. म्हटलं सहा जमतात तर पाचाला काय अडचण?

जाड पुठ्ठ्याचा साचा केला. प्रत्येक बाजू बरोबर तीन इंच. भाच्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन प्रत्येक कोन १०८ चा धरला. चहूबाजूंनी पाव इंच माया ठेवून कापड कापलं, कागदावर दुमडून कच्चे टाके घातले. मधे चंद्रकळेचा तुकडा, त्याच्या पाच बाजूंना पाच तुकडे. पहिले दोन छान बसले. मग शेजारच्या दोघांच्या कडा एकमेकींना भिडवायला गेले तर मधे फट. फट ओढून शिवली. पाचही शिवून झाले आणि बघते तर हातात वाटी! अगदी खोल, कडेला दातेरी. इस्त्री फिरवली तर मधल्या तुकड्याभोवती चुण्या. उसवलं. माया कमी-जास्त करून पाहिली. परत वाटी. तीनदा उसवलं. जुनं कापड आहे, टाके काढताना धागा सुटायला लागला, तेव्हा थांबले.

साचा पुन्हा मोजला, चूक सापडत नाही. उरेब कापडामुळे होतंय का? काही तुकडे उभ्या धाग्यावर कापलेत, पण पाचकोनाच्या पाचही बाजू धाग्यावर येणं शक्यच नाही, दोन-तीन तिरप्या जातातच. की माझा हातच ओढतो आहे? कापड आता मोजकंच उरलंय. कुणाला कळत असेल तर सांगा.

ठिपका_ते_ठिपका

ताई, हात बिलकुल ओढत नाही तुमचा. पाचकोनाचा स्वभावच तसा आहे.

एका ठिपक्याभोवती पूर्ण फेरी ३६० अंशांची. षटकोनाचा कोन १२०, तीन मांडले की ३६० भरले. चौकोनाचे चार, त्रिकोणाचे सहा. पाचकोनाचे तीन मांडले की होतात ३२४. छत्तीस अंश रिकामे. चौथा त्यात मावत नाही. तुमची फट ती हीच.

मी रांगोळी काढते आणि मलाही हा प्रश्न पडला होता. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ‘१५ ते ८’ असतं ना, म्हणजे मधली ओळ १५ ठिपक्यांची आणि कडेची ८ ची. तो आठ-आठ ठिपक्यांच्या बाजूंचा नीट षटकोन असतो. ‘११ ते ६’, ‘७ ते ४’ तसेच. सरळ ठिपक्यांत चौकोन. पण पाच पाकळ्यांचं नेमकं, सारख्या बाजूंचं फूल ठिपक्यांवर कधी बसवता येत नाही. काढतो आपण, पण पाकळ्या कमी-जास्त होतात आणि नजर सांभाळून घेते.

का बसत नाही, ते मला पाटावर रांगोळीनेच समजलं. समजा पाच ठिपक्यांवर नेमका पाचकोन बसला. एकाआड एक ठिपके जोडा, आत चांदणी उमटते आणि चांदणीच्या पोटात एक छोटा पाचकोन. त्या छोट्या पाचकोनाच्या कोपऱ्यांवरही ठिपका असावाच लागतो, कारण बाहेरच्या तीन लागोपाठच्या ठिपक्यांचा समांतरभुज चौकोन पूर्ण केला की चौथा कोपरा तिथेच येतो. मग त्याच्या आत आणखी छोटी चांदणी, आणखी छोटा पाचकोन, त्याच्याही कोपऱ्यांवर ठिपके. असं संपतच नाही. आणि आपण तर ठिपके ठरावीक अंतरावर काढलेत! म्हणजे सुरुवातच चुकली, ठिपक्यांवर पाचकोन नव्हताच.

निवृत्त_मास्तर

वरचं स्पष्टीकरण वाचून फार आनंद झाला. मी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली, हे इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं.

शिवणघर ताई, ती वाटी उसवू नका. तुमच्या हातात सहा तुकडे आहेत, मधला एक आणि भोवतीचे पाच. तश्शीच दुसरी वाटी शिवा आणि दोन्हींचे दाते एकमेकांत बसवा. अडकतील, एकही फट राहणार नाही. बारा पाचकोनांचा चेंडू होईल. प्रत्येक कोपऱ्यात तीन तुकडे आणि ते ३६ अंश कमी पडतात म्हणूनच कापड वळतं. याउलट सात बाजूंचे तुकडे घेतलेत तर तीन कोन मिळून ३६० पेक्षा जास्त होतील आणि कडेला झालर पडेल. फुटबॉलवरचे काळे तुकडेसुद्धा पाचकोनी असतात, बाराच. उरलेले वीस पांढरे षटकोनी. नुसत्या षटकोनांचा चेंडू होत नाही, तो सपाटच राहतो.

या ३६ अंशांनी मोठमोठ्यांना छळलं आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५ साली कलाकारांसाठी भूमितीचं पुस्तक छापलं, त्यात पाचकोन मांडून पाहिले आहेत आणि फटी तशाच ठेवल्या आहेत. केप्लरनेही १६१९ च्या आपल्या ग्रंथात पाचकोन, चांदण्या आणि दशकोन एकत्र बसवायचा प्रयत्न केला. ग्रहांच्या कक्षा शोधणारा तोच केप्लर.

पण ताई, एक महत्त्वाची गोष्ट. बसत नाही तो *सारख्या बाजूंचा आणि सारख्या कोनांचा* पाचकोन. कोन बदलायची तयारी असेल तर पाचकोनी ठिगळांची सपाट वाकळ होते. आणि ही गोष्ट ज्या बाईने पुढे नेली तिच्याबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं.

अमेरिकेत सॅन डिएगोला मार्जोरी राइस नावाच्या गृहिणी होत्या. पाच मुलांची आई. गणित शाळेपुरतंच शिकलेल्या. ‘सायंटिफिक अमेरिकन’ हे मासिक घरी येई. १९७५ साली गणिताच्या गमतीजमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी त्यात लिहिलं की कोणकोणत्या प्रकारचे पाचकोन जमिनीवर फट न ठेवता बसतात. बाईंनी ते वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायला सुरुवात केली. कुणी आलं की कागद झाकून ठेवत. गणितातली चिन्हं येत नव्हती तर स्वतःची चिन्हं तयार केली. दोन वर्षांत त्यांनी चार नवे प्रकार शोधले, जे कुठल्याही प्राध्यापकाला सापडले नव्हते. त्यांच्या एका नक्षीची फरशी वॉशिंग्टनला अमेरिकेच्या गणित संघटनेच्या इमारतीत बसवलेली आहे. २०१७ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी मिकाएल राव या फ्रेंच गणितज्ञाने संगणकाच्या मदतीने दाखवलं की बहिर्वक्र, म्हणजे एकही कोपरा आत न वळलेल्या, पाचकोनांचे असे प्रकार पंधराच, सोळावा नाही. पंधरातले चार त्या ओट्यावरचे.

तुमच्यासाठी सर्वात सोपा पाचकोन सांगतो. कैरो शहराच्या रस्त्यांवर अशा फरश्या आहेत म्हणून त्याला कैरोचा पाचकोन म्हणतात. पायाची बाजू २.२ इंच काढा. तिच्या दोन्ही टोकांना आतून १२० अंशांचा कोन करून ३-३ इंचांच्या रेषा वर न्या. त्या टोकांना काटकोन करून पुन्हा ३-३ इंच आत वळवा. दोन्ही रेषा वर बरोबर एका बिंदूत भेटतील, तिथे कोन १२० चा. झाला साचा. तीन कोन १२० चे, दोन ९० चे. मांडताना कुठे तीन तुकडे भेटतील, कुठे चार. आधी कागदाचे वीस-पंचवीस कापून टेबलावर मांडा, मगच कापडाला कात्री लावा.

शिवणघर_कऱ्हाड

मास्तर, तुम्हाला नमस्कार. ती ओट्यावरची बाई वाचून मी दुकान अर्धा तास बंद ठेवून नुसती बसले होते.

काल रात्री वर्तमानपत्राचे तीस तुकडे कापले, तुम्ही सांगितलेल्या मापाने. पहिल्यांदा दोन २.२ वाल्या बाजू एकमेकींना लावल्या. मग काटकोनात चार. नऊ-दहा तुकडे होईपर्यंत काही कळत नव्हतं, मग एकदम नक्षी दिसायला लागली. चार-चार तुकड्यांचे लांबट षटकोन, काही उभे, काही आडवे, एकमेकांवरून गेलेले, जसे टोपलीचे पट्टे वरखाली जातात. फट शून्य. जमिनीवर बसून गुडघे दुखेपर्यंत मांडत राहिले.

शिवायला सोपं आहे हे. काटकोनाचा कोपरा मला डोळे मिटून येतो.

पण एक गोष्ट मनात राहते. आम्हा पाचही जणांना आईने सारखंच वाढवलं. आणि या ठिगळात एक बाजू लहान आहे. मला पाचही बाजू सारख्या हव्या होत्या. वेडेपणा वाटेल कुणाला, पण वाकळ कशासाठी करतेय तेच त्यात आहे. सारख्या बाजूंचा पाचकोन ठेवून सपाट करायला काहीच वाट नाही का? दुसरा एखादा आकार मधे घातला तर चालेल.

पुठ्ठा_आणि_कात्री

ताई, २०२३ मध्ये गाजलेला ‘टोपी’ नावाचा तेरा बाजूंचा आकार बघा. इंग्लंडमधले निवृत्त छपाई तंत्रज्ञ डेव्हिड स्मिथ यांनी पुठ्ठे कापून कापून शोधला. एकच आकार, सगळी जमीन व्यापतो आणि नक्षी कधीही जशीच्या तशी पुढे सरकत नाही. फक्त कापडाला एक लक्षात ठेवावं लागेल, दर सात-आठ तुकड्यांत एक आरशातल्यासारखा उलटा लागतो. छापील कापडाला सुलट बाजू एकच, म्हणजे ते उलटे तुकडे साचा उलटा ठेवून वेगळे कापावे लागतील. इरकलीला दोन्ही बाजू चालतात म्हणा.

ड्राफ्ट्समन_घाटकोपर

टोपी सुंदरच आहे, पण ताईंना पाच हवेत, तेरा नकोत.

ताई, वाट आहे, आणि ती इराणच्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी काढलेली आहे. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. जाळ्यांच्या नक्ष्या काढणं हा माझा रात्रीचा उद्योग.

तुमच्या ३६ अंशांच्या फटीकडे दुसऱ्या बाजूने बघा. एका कोपऱ्यात तीनऐवजी दोनच पाचकोन ठेवा. १०८ आणि १०८, झाले २१६. उरले १४४. आणि १४४ हा दशकोनाचा, म्हणजे दहा बाजूंच्या आकाराचा कोन आहे. नेमका! म्हणजे मधे एक दशकोन ठेवा, बाजू तीनच इंच. त्याच्या दहा बाजूंना तुमचे दहा पाचकोन लावा. शेजारशेजारचे पाचकोन एकमेकांना पूर्ण बाजूने भिडतील. फट नाही, वाटी नाही, सपाट फूल. तीन इंच बाजूचा दशकोन कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पावणेदहा इंचांच्या जरा आत येतो. साच्यासाठी ४.८५ इंच त्रिज्येचं वर्तुळ काढून परिघावर तीन-तीन इंचांच्या खुणा करत गेलात की दहाव्या खुणेला परत सुरुवातीला याल.

इराणी नक्षीकामात याला ‘गिरिह’ म्हणतात, म्हणजे गाठ. आपले जुने शिंपी कापड गज-गिरहमध्ये मोजायचे, सोळा गिरह म्हणजे एक गज, तो शब्द हाच. या कामात पाच आकार येतात: दशकोन, पाचकोन, लांबट षटकोन, समभुज चौकोन आणि मधे कंबर असलेला डमरूसारखा आकार. पाचांच्याही सगळ्या बाजू सारख्या लांबीच्या, म्हणून कुणीही कुणाशेजारी बसतं. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम दर्ग्यावर १४५३ सालची नक्षी आहे. २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या दोन संशोधकांनी दाखवलं की ती ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९७०च्या दशकात शोधलेल्या, कधीच पुनरावृत्ती न होणाऱ्या फरसबंदीच्या फार जवळ जाते. कारागिरांनी प्रमेय लिहिलं नाही, भिंत करून ठेवली.

दहा पाचकोनांच्या फुलाला बाहेरून खाचा पडतील, त्यांचा कोनही १४४ चाच. लांबट षटकोनाचे चार कोन १४४ चे आणि दोन ७२ चे असतात. त्याचा १४४ चा कोपरा त्या खाचेत चपखल बसतो. तिथून पुढे हवं तितकं वाढवा.

उरेबबद्दल तुम्ही विचारलं होतं ते राहूनच गेलं. माझी आई सांगते, जुन्या कापडाला आतून पातळ मलमल लावून मग कापा, तिरपी बाजू ओढली जात नाही.

शिवणघर_कऱ्हाड

तीन आठवड्यांनी लिहितेय. मधे लग्नसराईचे ब्लाउज होते.

दादा, दशकोन जमला. दहा पाचकोन आणि पाच लुगडी! तुमचा प्रतिसाद वाचून झाल्यावर पोळ्या लाटता लाटता ते लक्षात आलं आणि लाटणं तसंच ठेवून वहीत लिहून ठेवलं. प्रत्येक लुगड्याचे दोन तुकडे. हिरवं, जांभळं, चंद्रकळा, मोरपंखी, पिवळं, आणि परत हिरवं, जांभळं. या क्रमाने लावलं की प्रत्येकाच्या बरोबर समोर त्याच लुगड्याचा दुसरा तुकडा येतो.

मधल्या दशकोनाला कुठलं कापड घ्यायचं यावर आम्हा बहिणींचं फोनवर बरंच झालं. शेवटी भावाने वडिलांचं उपरणं आणून दिलं. पांढरं, कडेला बारीक लाल काठ. काठ दशकोनाच्या एका बाजूला येऊ दिला.

मलमल लावली, फार फरक पडला. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पहिले नऊ पाचकोन लावले तोपर्यंत छातीत धडधड होती, कारण खरी परीक्षा दहाव्याची. त्याला तीन बाजूंनी बसायचं होतं, एक दशकोनाची आणि दोन शेजाऱ्यांच्या. कागदासकट ठेवला आणि तो बसला. ओढावा लागला नाही. कागद काढले, उलट्या बाजूने इस्त्री केली आणि पलंगावर पसरलं. कुठे चुणी नाही. हाताने चारचारदा चाचपून पाहिलं.

बाहेरच्या दहा खाचांत लांबट षटकोन भरायचं ठरवलंय. ते कापड मात्र लुगड्यांचं नाही पुरणार, म्हणून नातवंडांचे जुने सदरे मागवलेत. मग चौकोनी सुती पाठीवर ते फूल बसवून नेहमीसारखा कडेकडून आत आत धावदोरा घालीन. धावदोऱ्याच्या ओळी चौकोनी घ्याव्यात की फुलाच्या आकाराने, ते अजून ठरत नाही. ठिपका ताई, तुमची नजर यात तयार आहे, फोटो टाकते, सांगाल का?

आणि मास्तर, ती पहिली वाटी. दुसरी शिवली आणि दाते जुळवले, तुम्ही म्हणालात तसेच अडकले. आत लुगड्यांच्याच कातरणाच्या चिंध्या भरल्या. धाकट्या बहिणीची नात दीड वर्षाची आहे, ती तो चेंडू घेऊन झोपते.

निवृत्त_मास्तर

ताई, फोटो टाका, वाट पाहतो. चेंडूचाही टाका. आणि दशकोनाच्या त्या पुठ्ठ्याच्या साच्याचा, शक्य असेल तर मापं लिहून. आमच्या शेजारच्या दोघीजणी विचारतायत.